फानी हेन्सेल यांचे ‘दास यार’ ध्वनिमुद्रित करताना कोणता जून वाजवावा?

काळीपाच

नमस्कार.

फानी हेन्सेल यांची ‘दास यार’ (म्हणजे ‘वर्ष’) ही पियानोची मालिका मी गेली दोन वर्षे बसवीत आहे. येत्या जानेवारीत, पुण्यातली हवा कोरडी झाल्यावर, तिचे संपूर्ण ध्वनिमुद्रण करण्याचा विचार आहे. त्याआधी दोन प्रश्नांवर इथल्या जाणकारांशी बोलावे असे वाटले, कारण हे प्रश्न बोटांच्या तयारीचे नाहीत आणि माझ्या एकटीच्या आवडीवर सोडावेत इतके लहानही नाहीत.

ज्यांनी ही रचना ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. फानी या जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेलसोन यांच्या थोरल्या भगिनी, आणि स्वतःही संगीतकार. जन्म 1805 चा, हांबुर्गचा. पुढचे जवळजवळ सारे आयुष्य बर्लिनमध्ये गेले. तेराव्या वर्षी वडिलांच्या वाढदिवसाला त्यांनी बाखचे चोवीस प्रेल्यूड (लहान पियानोरचना) पाठ वाजवून दाखविले होते. त्याच वडिलांनी 1820 साली त्यांना पत्रातून कळविले की संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र ते केवळ अलंकार राहू शकते आणि तसेच राहिले पाहिजे. त्या पत्रानंतरही त्यांनी साडेचारशेहून अधिक रचना लिहिल्या. चित्रकार विल्हेल्म हेन्सेल यांच्याशी विवाह झाल्यावर लाइपझिगर रस्त्यावरील घरात त्या रविवारच्या बैठकी भरवीत, तिथे स्वतः वाजवीत आणि गायकवृंदाचे संचालनही करीत. 1839-40 मध्ये हे कुटुंब इटलीत राहिले. रोममध्ये तरुण फ्रेंच कलावंत त्यांचे बाखचे वादन ऐकायला जमत, त्यांत शार्ल गुनो हेही होते. परत आल्यावर, 1841 च्या उत्तरार्धात, त्यांनी ‘दास यार’ लिहिले. बारा महिन्यांचे बारा भाग आणि शेवटी एक उपसंहार, असे मिळून तेरा. सलग वाजविले तर पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो.

पहिला प्रश्न हस्तलिखितांचा आहे. ही मालिका पहिल्यांदा छापली गेली ती 1989 साली, म्हणजे लिहिली गेल्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी. कासेलच्या फुरोरे प्रकाशनाने काढलेल्या त्या आवृत्तीचे संपादन लियाना सेर्बेस्कू आणि बार्बरा हेलर यांनी केले आणि तिला आधार होता तो पहिल्या खर्ड्याचा. फानींनी स्वतः केलेली स्वच्छ प्रत नंतर अभ्यासकांच्या हाती आली आणि तिची जशीच्या तशी प्रतिकृती 2000 साली प्रसिद्ध झाली. ती पाहिल्यावर कळले की त्यांनी अनेक जागा बदलल्या होत्या, आणि जून तर पूर्ण नव्याने लिहिला होता. त्यामुळे आज वादकाच्या हाती दोन जून आहेत. प्रसिद्ध ध्वनिमुद्रणे ऐकताना आपण कोणता ऐकत आहोत हे अनेक श्रोत्यांच्या लक्षातही येत नाही.

दुसरा प्रश्न शेवटच्या उपसंहाराचा. डिसेंबर संपताना ‘फॉम हिमेल होख’ हे नाताळचे स्तोत्र सी मेजरमध्ये उजळून येते आणि कोणत्याही मैफलीत तिथे टाळ्या पडतील. त्यानंतर ए मायनरमधला लहानसा कोरल (चर्चमध्ये सर्वांनी मिळून गायचे स्तोत्र), ‘जुने वर्ष सरले’ या अर्थाचा, अगदी साधा. काही जण सुटे महिने निवडून वाजवितात आणि हा भाग मागे राहतो. माझ्या मते याच्याविना मालिका पुरी होत नाही. पण डिसेंबर आणि हा भाग यांच्यामध्ये किती शांतता ठेवावी?

एवढी चिंता कशासाठी, असे कोणी विचारील. बेथोव्हेनच्या सोनाटाची शेकडो ध्वनिमुद्रणे आहेत. एखाद्याने चूक निर्णय घेतला तरी मूळ कृतीला धक्का लागत नाही. इथे मराठी श्रोत्याने आयुष्यात एकदाच ही मालिका ऐकली आणि ती माझ्या हातून ऐकली, असे खरोखर होऊ शकते. तेव्हा त्याच्यापुरते माझे वादन हीच ती कृती असेल.

बर्लिनवासी

काळीपाच ताई, आपला धागा वाचून फार आनंद झाला. मी नोकरीनिमित्त बर्लिनमध्ये राहतो आणि प्रतिकृतीची प्रत इथल्या ग्रंथालयात बसून दोनदा पाहिली आहे.

ती पाहण्याचा अनुभव छापील स्वरलिपीपेक्षा अगदी वेगळा आहे. प्रत्येक महिन्याला निराळ्या रंगाचा कागद आहे. सुरुवातीला विल्हेल्म यांनी काढलेले छोटे चित्र आहे आणि त्यासोबत काव्याच्या ओळी. फेब्रुवारीला आणि मार्चला जर्मन कवी ग्योटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकातल्या ओळी आहेत, फेब्रुवारी रोमच्या कार्निव्हलचा आहे आणि मार्च ईस्टरच्या घंटांचा. सप्टेंबरला पुन्हा ग्योटेच, नदीला वाहत राहायला सांगणारी ओळ. ऑक्टोबरला आयशेनडॉर्फ आणि नोव्हेंबरला टीक, हेही जर्मन कवीच. ही मालिका करीत असताना फानींनी एका चित्रकार मित्राला पत्रातून कळविले होते की आपण महिन्यांवर बारा तुकडे लिहीत आहोत, त्यात फार मन रमले आहे, आणि पुरे झाल्यावर ते स्वच्छ लिहून चित्रांनी सजविणार आहोत.

म्हणजे स्वच्छ प्रत हा नंतर सुचलेला फेरफार नव्हे. काम चालू असतानाच ठरलेला तो शेवटचा टप्पा आहे. नवराबायकोने मिळून केलेली ती वस्तू आहे आणि तिच्यात जो जून आहे तोच फानींचा जून, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्डा उपलब्ध होता म्हणून पहिला जून वाजविला गेला. त्या संपादिकांचा त्यात काही दोष नाही, उलट त्यांच्यामुळेच ही मालिका जगापुढे आली. परंतु आता दोन्ही समोर असताना जुन्याकडे परत जाण्याचे कारण मला दिसत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. लाइपझिगर रस्त्यावरचे ते घर आता नाही. त्या जागी जर्मनीच्या बुंडेसराटची, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभागृहाची, इमारत उभी आहे. फानींची समाधी मेरिंगडाम रस्त्याजवळच्या दफनभूमीत आहे, शेजारी विल्हेल्म आणि फेलिक्स. 14 मे 1847 रोजी रविवारच्या बैठकीची तालीम चालू असताना, पियानोवर बसलेल्या असतानाच त्यांचे हात बधिर झाले आणि त्याच रात्री त्या गेल्या. वय केवळ 41. फेलिक्सही त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले.

मंद्र

मला एक शंका मोकळेपणाने मांडायची आहे, कोणी राग मानू नये. एखादी कृती दीडशे वर्षे वाजविली गेली नाही याचे कारण दर वेळी अन्यायच असते असे नाही. महिन्यांवरचे बारा तुकडे म्हटले की मला चायकोव्स्कींचे ‘ऋतू’ आठवतात. ते 1876 मध्ये एका मासिकासाठी दरमहा एक असे लिहिले गेले आणि त्यांतला जून व ऑक्टोबर आजही घरोघरी वाजतात. मग ‘दास यार’ का वाजले नाही? फानींच्या चरित्रामुळे आपण त्यांच्या संगीताला झुकते माप देत आहोत काय?

काळीपाच

मंद्र, शंका रास्त आहे आणि ती मी स्वतःलाही विचारली होती.

चायकोव्स्कींचे तुकडे छापले गेले, म्हणून वाजले. ‘दास यार’मधला फक्त सप्टेंबर फानींच्या हयातीत छापला गेला, 1846 मध्ये, चार गीतांच्या संचात दुसरा म्हणून, आणि तिथे महिन्याचे नावही नव्हते. उरलेले भाग घरातच राहिले. जे कोणाला दिसलेच नाही ते श्रोत्यांनी नाकारले असे म्हणता येणार नाही.

झुकत्या मापाबद्दल आणखी एक उदाहरण देते. ‘ईस्टर सोनाटा’ नावाची 1828 ची एक रचना आहे. तिचे हस्तलिखित पॅरिसमध्ये सापडले, त्यावर ‘एफ. मेंडेलसोन’ एवढेच होते, आणि एरिक हाइडसिक यांनी 1970 च्या दशकात ती फेलिक्सची म्हणून ध्वनिमुद्रित केली. 2010 मध्ये अँजेला मेस क्रिश्चन यांनी मूळ पानांचा अभ्यास करून ती फानींचीच असल्याचे दाखविले आणि 8 मार्च 2017 रोजी लंडनमध्ये सोफिया गुल्याक यांनी ती फानींच्या नावाने वाजविली. स्वर तेच होते. भावाचे नाव असताना त्या रचनेच्या दर्जाविषयी असे स्पष्टीकरण कोणी मागितले नव्हते.

तरीही उत्तर संगीतातूनच द्यायला हवे. जानेवारीचे नाव ‘एक स्वप्न’ असे आहे. वाटते की वादक नुसता सूर धुंडाळीत बसला आहे. पण त्या धुंडाळण्यात पुढच्या महिन्यांतल्या जागा अंधुकपणे येऊन जातात. पहिल्या वेळी ऐकताना हे कळत नाही. वर्ष पुरे झाल्यावर पुन्हा जानेवारी लावला की अंगावर काटा येतो. बारा सुटे तुकडे लिहिणारा माणूस असे करीत नाही. मार्चमध्ये अस्वस्थ सुरुवातीनंतर ईस्टरचे स्तोत्र येते, डिसेंबरमध्ये नाताळचे, आणि उपसंहारात वर्षाअखेरचे. हे तीन खांब काढले तर इमारत उभी राहत नाही, आणि म्हणूनच मी शेवटच्या भागासाठी एवढी आग्रही आहे.

जुनी_पेटी

बर्लिनवासींच्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. स्वच्छ प्रत ही शेवटची इच्छा हे खरे, पण ती भेटवस्तूही होती. घरातल्या माणसासाठी प्रत सजविताना कलावंत काही जागा सौम्य करतो, काही नेटक्या करतो. खर्ड्यातल्या काही ठिकाणी जो उतावळेपणा आहे तो मला अधिक जवळचा वाटतो. एखाद्या ध्वनिमुद्रणात दोन्ही जून असावेत, मुख्य मालिकेत नवा आणि शेवटी परिशिष्ट म्हणून जुना, असे सुचवावेसे वाटते.

दुसरी बाब वाद्याची, जिचा उल्लेख अद्याप कोणी केला नाही. मी लाउमा श्क्रिदे यांचे 2007 चे ध्वनिमुद्रण आणि एल्स बीसमान्स यांचे 2012 चे फोर्टेपियानोवरचे (म्हणजे पियानोच्या जुन्या रूपावरचे), अशी दोन्ही अनेकदा ऐकली आहेत. श्क्रिदे यांचे वादन मला फार आवडते, विशेषतः नोव्हेंबर. तरीही सप्टेंबर मात्र जुन्या वाद्यावरच उलगडतो. तिथे तीन थर आहेत : वर उजव्या हाताची न थांबणारी द्रुत धार, खाली मंद्रातला आधार, आणि गाणे या दोन्हींच्या मधोमध. आजच्या मोठ्या पियानोवर वरची धार इतकी भरदार येते की मधले गाणे ठळक करण्यासाठी अंगठ्यावर जोर द्यावा लागतो आणि मग ते गाणे न राहता ठोकणे होते. जुन्या वाद्यात प्रत्येक सप्तकाचा पोत निराळा असतो, सूर लवकर विरतो, त्यामुळे मधला आवाज आपोआप वेगळा ऐकू येतो. आपल्याकडे पेटीवाल्यांना हे लगेच समजेल. सगळ्या सप्तकांत एकसारखे बोलणारी पेटी सोयीची असते, पण खर्जाची पट्टी आणि तारेची पट्टी यांचा स्वभाव निराळा असला की रंग येतो.

काळीपाच

जुने वाद्य मिळाले असते तर प्रश्नच नव्हता. ते इथे मिळत नाही. पण आपले निरीक्षण माझ्या कामी आले. मी आज सप्टेंबर वेगळ्या तऱ्हेने वाजवून पाहिला. गाणे मोठे करण्याऐवजी वरची धार हलकी केली, पट्ट्या तळापर्यंत न दाबता, आणि पेडल अर्धेच ठेवून दर मात्रेला पुसत गेले. विसाव्या प्रयत्नाला मधले गाणे अंगठ्यावर भार न देता ऐकू आले. मनगट मात्र दुखले.

मडगावकर

देव बरें करूं. मी चर्चच्या गायकवृंदात तीसेक वर्षे गात आहे, पियानो जेमतेम वाजवितो, तेव्हा दोनच गोष्टी सांगतो.

मार्चमधले ‘क्रिस्ट इस्ट एरश्टान्डेन’ हे स्तोत्र प्रोटेस्टंट पंथाचे प्रवर्तक लूथर यांच्यापेक्षा कितीतरी जुने, मध्ययुगातले आहे. त्याची चाल ‘व्हिक्टिमे पास्काली लाउदेस’ या लॅटिन गीतावरून आली आहे आणि ते गीत आम्ही कॅथलिक ईस्टरला गातो. त्यामुळे हा मार्च पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ती चाल कुठेतरी ओळखीची वाटली, आणि आमच्या वृंदातल्या एका आजोबांनी दुसऱ्याच ओळीला ‘हे तर ईस्टरचे’ असे म्हटले. फानी इटलीत जाऊन आल्या होत्या हे इथे विसरू नये.

दुसरे लयीबद्दल. काही वादक हे कोरल फार संथ करतात, जणू संथ म्हणजेच पवित्र. कोरल हे माणसांनी उभे राहून गायचे असते. एका ओळीला एक श्वास पुरला पाहिजे. काळीपाच ताई, आपण उपसंहाराची प्रत्येक ओळ आधी गाऊन पाहा, पियानो बंद ठेवून. जिथे छाती रिकामी होईल त्याच्या थोडे अलीकडे ओळ संपली पाहिजे. डिसेंबरनंतर किती थांबायचे त्याचेही उत्तर तिथेच मिळेल : मोठ्याने गायल्यानंतर हळू गाण्यासाठी जेवढा श्वास घ्यावा लागतो तेवढे.

ध्वनीवाला

मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो, प्रामुख्याने आपल्या शास्त्रीय संगीताचे, परंतु पियानोचीही काही कामे केली आहेत. तांत्रिक बाजू मांडतो.

तेरा भाग तेरा दिवशी घेऊ नका. एका वादकाच्या वेळी आम्ही ती चूक केली होती. एका सभागृहात तीन आठवड्यांत सवडीने भाग घेतले, मध्ये एकदा ट्यूनर येऊन गेला. सगळे जोडून ऐकले तेव्हा दुसऱ्या आठवड्यातला पियानो पहिल्या आठवड्याहून किंचित चढा होता. सुटे ऐकताना कोणालाही कळले नसते. एकापाठोपाठ लावताच दर वेळी जमीन सरकल्यासारखे वाटे. ‘दास यार’मध्ये जानेवारीतल्या खुणा पुढे परत येतात असे आपण लिहिले आहे, तिथे तर हे चालणारच नाही. दोन दिवस घ्या, दोन्ही दिवशी सकाळी ट्यूनर हवा, आणि पहिल्या दिवशी आधी पूर्ण मालिका एकदा न थांबता वाजवा. चुका होऊ देत. नंतर जोडकाम करताना महिन्यांमधले अंतर आणि एकंदर चाल त्या पहिल्या सलग वादनावरून ठरविता येते.

शांततेविषयी : दोन भागांमधली शांतता संगणकावर कोरी टाकू नका. खोलीचा स्वतःचा एक आवाज असतो आणि कोरी शांतता आली की श्रोत्याला खोलीतून बाहेर काढल्यासारखे होते. डिसेंबरचा शेवटचा सूर विरेपर्यंत हात पट्टीवर ठेवा, पेडल हळू सोडा, आणि उपसंहार त्याच बैठकीत, त्याच सलग मुद्रणात सुरू करा. मडगावकरांनी सांगितलेला श्वास खरा असेल तर तो ध्वनिमुद्रणातही येईल.

पंखे बंद ठेवावे लागतील, म्हणून जानेवारी हा महिना आपण योग्य निवडला आहे. पावसाळ्यात घेतलेल्या एका मुद्रणात ओल धरलेली एक पट्टी दाबल्यावर वर येईना. वादक बिचारा दर ओळीनंतर बोटाने ती उचलीत होता. आणखी एक : पहाटे घेऊ नये. पुण्यातल्या झाडीत पहाटे पक्ष्यांचा इतका गलका असतो की एप्रिल आणि मे सोडून कोणताच महिना शोभणार नाही.

मंद्र

काळीपाच, आपल्या सांगण्यावरून काल रात्री संपूर्ण मालिका ऐकली आणि संपल्यावर लगेच जानेवारी पुन्हा लावला. माझी शंका मागे घेतो. ऑगस्ट मला अजूनही थोडा लांबलेला वाटतो, पण नोव्हेंबरच्या आरंभीची उदासी आणि पुढे तिचा झालेला वादळी आवेग हे सुट्या तुकड्याचे काम नाही. जून कोणता होता ते मात्र मला सांगता येणार नाही. मुखपृष्ठावरही काही लिहिलेले नाही.

बर्लिनवासी

मंद्र यांच्या शेवटच्या वाक्यासाठी मी ताईंना विनंती करतो की आपण कोणता जून वाजविला, कोणत्या प्रतीवरून वाजविला आणि कुठे खर्ड्यातली जागा घेतली, हे ध्वनिमुद्रणासोबत मराठीत दोन परिच्छेदांत अवश्य लिहावे. कवितेच्या ओळींचा मराठी अर्थही त्या त्या महिन्याखाली द्यावा. फानींनी त्या ओळी स्वतः निवडून लिहिल्या आहेत, त्या स्वरलिपीचाच भाग आहेत.

काळीपाच

सर्वांचे मनापासून आभार. माझे ठरले ते असे.

मालिकेत स्वच्छ प्रतीतला जून असेल. जुनी_पेटी यांचा खर्ड्याबद्दलचा जिव्हाळा मला पटतो आणि पहिला जूनही मी वाजवीन, पण त्याच तबकडीच्या शेवटी तो ठेवणार नाही. उपसंहारानंतर लगेच जून ऐकू आला तर सरलेले वर्ष पुन्हा मधूनच सुरू होईल. तो स्वतंत्र फीत म्हणून देईन, म्हणजे ज्यांना ताडून पाहायचे आहे त्यांना पाहता येईल. कवितांचे मराठी अर्थ बर्लिनवासींनी तपासून द्यावेत अशी विनंती आहे; नोव्हेंबरच्या ओळीतल्या झाडांच्या सळसळीला ‘हिवाळी’ म्हणावे की ‘थंडीची’, इथेच मी दोन दिवस अडले आहे.

मडगावकरांचा प्रयोग केला. उपसंहाराची पहिली ओळ गाताना मी नेहमी वाजविते त्या लयीत माझा श्वास शेवटच्या दोन सुरांआधीच संपला, म्हणजे मी दोन वर्षे ती गरजेपेक्षा संथ वाजवीत होते. आता चाल थोडी पुढे घेतली आहे आणि कोरलच्या मधल्या अलगद स्वरावली ओळींमधून वाहू लागल्या आहेत. आधी त्या नुसत्या भर घातल्यासारख्या वाटत.

ध्वनीवाला यांच्या सूचनेप्रमाणे लागोपाठचे दोन दिवस घेतले आहेत, ट्यूनर दोन्ही सकाळी आठला येईल. एकच अडचण उरली आहे. डिसेंबरच्या मध्यावर दोन्ही हात गुंतलेले असताना पान उलटावे लागते आणि सलग वादनात तिथे थांबता येणार नाही. पाने उलटायला स्वरलिपी वाचता येणारे कोणी त्या दोन दिवशी पुण्यात असेल तर कृपया कळवावे.

जुनी_पेटी

मी येतो. डिसेंबरची पाने आधी पाठवून द्या, म्हणजे कुठे उलटायचे ते खूण करून ठेवतो. कागद मात्र जाड घ्यावा, पातळ कागदाचा आवाज त्या कोरलच्या आधी ऐकू येईल.